दार ओढून घ्या, मग १०१ लावा

घरात आग दिसली की बहुतेक जण आधी दारं-खिडक्या सताड उघडतात. धूर निघून जाईल, आतल्यांना हवा मिळेल, असा त्यामागचा हिशेब. आगीपुढे तो उलटा पडतो. का, हे एकदा आकड्यांत पाहायला हवं. कारण ‘अग्निशमन दलाची गाडी आली तरी लगेच पाणी का मारत नाहीत?’, ‘फोनवर इतके प्रश्न का विचारतात?’ या नेहमीच्या तक्रारींची उत्तरंही त्याच आकड्यांत आहेत.

दहा फूट लांब, तितकीच रुंद आणि तितकीच उंच खोली घ्या. आत सुमारे २८ घनमीटर हवा मावते. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.१६ किलो, म्हणजे खोलीतली हवा झाली ३२ किलोंच्या वर आणि तिच्यातला ऑक्सिजन साडेसात किलोंच्या आसपास. हा सगळा आगीच्या कामाचा नाही. ऑक्सिजनचं प्रमाण २१ टक्क्यांवरून १५-१६ टक्क्यांपर्यंत उतरलं की ज्वाळा मलूल होतात. आगीच्या वाट्याला येतो तो जेमतेम २ किलो.

आता रसायनशास्त्रातली एक फार सुंदर गोष्ट. लाकूड, कापूस, रॉकेल, फोम, काहीही जळो. खर्च झालेल्या दर किलो ऑक्सिजनमागे निघणारी उष्णता जवळपास सारखीच असते, सुमारे १३ मेगाजूल. थॉर्न्टन या ब्रिटिश संशोधकाने १९१७ साली हे दाखवलं आणि आगीचं शास्त्र आजही त्यावर उभं आहे. म्हणजे बंद खोलीतल्या हवेच्या जिवावर आग २६-२७ मेगाजूल उष्णता देऊ शकते. गादीतल्या एका किलो फोममध्येच २५ मेगाजूलच्या आसपास ऊर्जा असते. गादी दहा किलोंची असली तरी दार-खिडक्या बंद असतील तर त्यातला साधारण एक किलो नीट जळेल आणि आग घुसमटेल. फटींतून थोडी हवा येत राहते, म्हणून ती लगेच मरत नाही, पण वाढतही नाही.

दार उघडं राहिलं तर? ९० सेंटिमीटर रुंद, २ मीटर उंच दारातून वरच्या अंगाने तापलेला धूर बाहेर पडतो आणि खालच्या अंगाने ताजी हवा आत येते. किती हवा येते, याचं एक सोपं सूत्र आहे: दाराचं क्षेत्रफळ गुणिले उंचीचं वर्गमूळ, त्याच्या निम्मे. १.८ गुणिले १.४१, भागिले २ म्हणजे सेकंदाला सुमारे १.२७ किलो हवा. एक किलो हवेमागे ३ मेगाजूल, म्हणजे ३,८०० किलोवॅट. स्वयंपाकाच्या गॅसचा मोठा बर्नर दोन-अडीच किलोवॅटचा असतो. एका उघड्या दाराच्या जोरावर दीड हजार बर्नर एकदम पेटू शकतात. म्हणून आत कुणी नाही याची खात्री झाली की बाहेर पडताना दार नुसतं ओढून घ्या. कडी-कुलपात वेळ घालवू नका, किल्ली मात्र सोबत ठेवा.

जवान दाराशी का थबकतात, तेही यातूनच कळतं. घुसमटलेल्या खोलीत तापलेला फोम आणि प्लायवूड ज्वलनशील वायू सोडत राहतात. हवा आत शिरताच हे वायू स्फोटासारखे भडकू शकतात. म्हणून आधी वीज तोडायची, नळी भरून तयार ठेवायची, दार हाताच्या मागच्या बाजूने चाचपायचं, मग खाली वाकून थोडंसंच किलकिलं करायचं. ३० अंशांच्या एक लिटर पाण्याची पूर्ण वाफ होताना सुमारे २.५ मेगाजूल उष्णता शोषली जाते, म्हणजे त्या ३,८०० किलोवॅटच्या आगीला कागदावर सेकंदाला दीड लिटर पाणी पुरेल. प्रत्यक्षात बरंचसं पाणी वाफ न होताच जमिनीवरून वाहून जातं, म्हणून त्याच्या कितीतरी पट लागतं. बाहेरून नुसत्या धुरावर मारलेलं पाणी तर जवळपास वायाच जातं.

इमारतीचा जिना हे याच गणिताचं दुसरं टोक. ८० अंशांना तापलेल्या धुराचं वजन घनमीटरला जेमतेम एक किलो भरतं, बाहेरच्या हवेपेक्षा १६०-१६५ ग्रॅम कमी. दहा मजली जिना साधारण ३० मीटरचा धरा, तर या हलकेपणामुळे वरच्या मजल्यावर दर चौरस मीटरला सुमारे ५ किलो वजनाचा दाब पडतो. वरचं दोन चौरस मीटरचं दार धूर दहा किलोंच्या जोराने ढकलत असतो. म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या आगीने दहाव्यावरची माणसं गुदमरतात. जुन्या चाळीच्या उघड्या गॅलरीत धूर निदान मोकळ्या हवेत निघून जायचा. काचेने मढवलेल्या टॉवरमध्ये त्याला जिना आणि लिफ्टची विहीर एवढेच मार्ग राहतात. जिन्याचं जाड, आपोआप मिटणारं दार त्यासाठीच असतं. त्याला वीट किंवा चपलांचं कपाट लावून उघडं ठेवणं हा वरच्या शेजाऱ्यांवर अन्याय आहे, आणि मुंबईत तो रोज होतो.

‘ओला रुमाल नाकाला लावा, धुरातून सुखरूप बाहेर पडाल’ हा फॉरवर्ड दर मोठ्या आगीनंतर फिरतो. ओलं कापड काजळी थोडी अडवतं, कार्बन मोनॉक्साइड अजिबात अडवत नाही. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. जिन्यात धूर असेल तर घरातच थांबा, दार बंद करा, ते ओलं कापड दाराच्या फटीत कोंबा आणि धूर नसलेल्या बाजूच्या खिडकीत उभे राहा. दिवा मालवला की अशुभ, ही समजूतही आता सोडायला हवी. नवरात्रातला अखंड दिवा पडद्याजवळ तेवत ठेवून घराला कुलूप लावण्यात देवाचा कसला मान आहे? घराबाहेर पडताना दिवा शांत करावा, परत आल्यावर पुन्हा लावावा.

आता फोन. आगीसाठी क्रमांक १०१. ११२ वरही मदत मिळते. जवळच्या केंद्राचा नंबर साठवून ठेवावा का, असं बरेच जण विचारतात. १०१ च बरा, कारण कुठल्या केंद्राची गाडी आधीच दुसऱ्या आगीवर गेली आहे, हे नियंत्रण कक्षाला माहीत असतं. ‘दुसऱ्या कुणीतरी केला असेल’ असं धरून चालू नका. फोन मध्येच तुटू शकतो, म्हणून पत्ता सगळ्यात आधी: उपनगर, पूर्व की पश्चिम, रस्ता, इमारत आणि विंग, जवळची ठळक खूण. महात्मा गांधी रोड फोर्टात आहे, घाटकोपरला आहे, कांदिवलीला आहे, मुलुंडलाही आहे. मुलुंड-दहिसरसारख्या हद्दीवर असाल तर शहराचं नावही सांगा. मग मजला, काय जळतंय, कुणी अडकलंय का. समोरचा ‘ठेवा’ म्हणेपर्यंत फोन ठेवू नका. तुम्ही बोलत असतानाच गाडी निघू शकते, प्रश्नांनी तिला उशीर होत नाही.

‘आत काय साठवलंय?’ हा प्रश्न तर कधीच टाळू नका. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन या जहाजावर कापसाच्या गासड्या आणि स्फोटकं एकत्र होती. त्या स्फोटांत अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. म्हणून १४ एप्रिल हा देशात अग्निशमन सेवा दिन आहे. तळमजल्यावरच्या गाळ्यात थिनरचे डबे असतील, माळ्यावर जादा सिलिंडर असेल, तर ते लपवू नका.

गॅसचा नुसता वास येत असेल तर बटणाला हात न लावता रेग्युलेटर किंवा पाइपची चावी बंद करा आणि फोन बाहेर येऊन करा. अजून काही पेटलेलं नसतं, त्यामुळे इथे मात्र खिडक्या उघडायच्या. सिलिंडरचा वायू हवेहून जड, जमिनीलगत साचतो. पाइपचा हलका, छताशी जातो.

फोन झाल्यावर एकाने फाटकाशी उभं राहावं. कमानीची उंची आणि गल्लीत लावलेल्या गाड्या यांत वेळ जातो. ९० मीटरपर्यंत पोचणारी शिडी मुंबईच्या अग्निशमन दलाने घेतली खरी, पण तिचे आधाराचे पाय पसरायला दोन्ही बाजूंना मोकळी, भक्कम जमीन लागते. गच्चीची आणि मीटर खोलीची किल्ली हातात ठेवा. पहिली गाडी थांबली की अधिकाऱ्याला सांगा: कुठला मजला, कुठली खोली, तिचं दार बंद आहे की उघडं, आणि अजून कोण खाली आलेलं नाही.