ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ‘गेला’ म्हणण्याआधी
जुन्या फोर बाय फोर गाड्यांच्या मालकांसाठी माहितीपत्रक

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या गॅरेजमध्ये खानापूर, निपाणी, चिकोडी, चंदगड भागातून जुन्या फॉर्च्युनर, एन्डेव्हर, पजेरो स्पोर्ट, रेक्स्टन येतात. मालकाचे पहिले वाक्य ठरलेले: “बॉक्स गेलाय म्हणतात ओ.” कधी तो खरेच गेलेला असतो. पण बॉक्स उतरवून खोलणे हे मोठ्या खर्चाचे काम, म्हणून त्याआधी खालच्या गोष्टी बघून घ्या.

छोटा दांडा कुठे आहे?

इंजिन चालू आहे, ‘डी’ (पुढे जायचा गिअर) टाकलाय, ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी जागची हलत नाही. अशा वेळी फोर बाय फोरचा छोटा दांडा किंवा गोल स्विच बघा. ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा भाग) न्यूट्रलला असेल तर जोर चाकांपर्यंत पोचतच नाही. त्या स्थितीत गिअरचा मोठा दांडा ‘पी’त (पार्किंगला) असला तरी गाडी उतारावर सुटू शकते, तेव्हा हँडब्रेक ओढल्याशिवाय खाली उतरू नका. फोर-लो (चारही चाकांना जास्त जोर, कमी वेग) चुकून राहिले की इंजिन ओरडते, वेग येत नाही आणि स्लिप होतेय (इंजिन फिरते, पण जोर चाकांना पोचत नाही) असे वाटते. मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसलेली गाडी फोर-हायमध्ये (चारही चाकांना जोर, नेहमीचा वेग) डांबरावर वळवली तर ती अडखळत, झटके खात वळते. यातले काहीच गिअरबॉक्सचे दुखणे नव्हे.

ऑइल बघायची रीत

इंजिन ऑइलसारखे गिअरबॉक्सचे ऑइल थंड गाडीत बघायचे नसते. पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवा, सपाट जागी उभी करा, ब्रेक दाबून दांडा सगळ्या गिअरमधून सावकाश फिरवून ‘पी’त आणा. इंजिन चालूच ठेवून गिअरबॉक्स ऑइलची पट्टी काढा, पुसा, पुन्हा घाला आणि ‘हॉट’ची खूण बघा. पुसायला कॉटन वेस्ट नको, त्याचे धागे आत जातात. काही कंपन्यांची रीत वेगळी असते आणि काही गाड्यांना पट्टीच नसते, खालचा बोल्ट काढून ठरावीक तापमानाला पातळी बघावी लागते. तेव्हा मॅन्युअल बघा, नाहीतर आमच्याकडे या. कमी ऑइलने गाडी स्लिप होते, जास्त भरले तर फेस येतो. दोन्ही वाईट.

बहुतेक गाड्यांत चांगले ऑइल लालसर, पारदर्शक असते. काळपट आणि करपट वासाचे असेल तर आतल्या क्लच प्लेटा जळू लागल्यात. सोलकढीसारखे गुलाबी-दुधाळ दिसले तर रेडिएटरमधून पाणी मिसळलेय. मग गाडी एक किलोमीटरही चालवू नका.

खानापूर, जांबोटीकडे अंगणातली माती तांबडी, ऑइलही तांबडे, गळती दिसतच नाही. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवून ठेवा.

आणि मिळेल ते ऑइल ओतू नका. टोयोटाचेच ‘टी-४’ आणि ‘डब्ल्यूएस’ हे दोन ग्रेड एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ‘आयुष्यभराचे ऑइल’ ही कल्पना आम्हाला पटत नाही. आपल्या घाटरस्त्यांसाठी ६०,००० किलोमीटरला बदला, असे आम्ही सुचवतो. एकदा चेंबर (खालचे ऑइलचे भांडे) रिकामा केला तरी टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्स ऑइलमार्फत जोडणारा भाग) बरेच जुने ऑइल उरते, म्हणून थोडे चालवून दोन-तीनदा बदलतो. जुन्या, काळ्या ऑइलच्या गाडीला आम्ही मशीनने फ्लश मारत नाही.

चोर्ला चढताना, उसाच्या रानात अडकल्यावर

गोव्याकडून चोर्ला घाट भरल्या गाडीने चढताना ऑइल तापते. तापमानाचा दिवा लागला तर कडेला थांबा, ‘पी’ टाका, पण इंजिन बंद करू नका. ऑइल कूलरमधून फिरत राहिले तरच तापमान उतरेल. पावसाळ्यानंतर रेडिएटरच्या जाळीतला चिखल धुऊन घ्या. घाट उतरताना ‘२’ किंवा ‘एल’ हे खालचे गिअर वापरा. न्यूट्रल टाकून डिझेल वाचवायचा प्रकार कृपया बंद करा.

चिकोडी-अथणीच्या काळ्या मातीत चाक रुतले की लोक डी-आर, डी-आर (पुढे-रिव्हर्स) करत हिसके देतात. गिअरबॉक्सचे मोठे नुकसान यात होते. फोर-लो टाका, चाकापुढची माती काढा, नाही निघाली तर ट्रॅक्टर बोलवा.

बाकीची लक्षणे

सकाळी ‘डी’ टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंदांनी उचलत असेल तर ऑइल किंवा सीलचा संशय. साठ-सत्तरच्या वेगात हलक्या पायाने चालवताना थरथर येणे बहुधा टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअपचे (इंजिन-गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या क्लचचे). गाडी एकाच गिअरमध्ये अडकली असेल तर बॅटरी आणि तिचे टर्मिनल आधी बघा, कमी व्होल्टेजलाही कॉम्प्युटर तसे करतो. स्कॅनरवर ‘पी०७००’ हा बिघाडाचा कोड आला म्हणून घाबरू नका, तो नुसता गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये दुसरा कोड नोंदलाय एवढेच सांगतो. तो दुसरा कोड वाचल्याशिवाय कोणाला सोलेनॉइड (ऑइलचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) बदलू देऊ नका.

बंद पडलेली गाडी दोरीने टोचन करून आणू नका. फ्लॅटबेडवर चारही चाके वर घेऊन पाठवा. सोबत सांगा: त्रास गार गाडीत होतो की गरम, कोणत्या वेगाला, आणि शेवटचे ऑइल कोणते व कधी टाकले. ऑइल बिलाची चिठ्ठी असेल तर ती आणाच. खर्चाचा अंदाज कळवून तुमचा होकार आल्याशिवाय आम्ही बॉक्स खोलत नाही.