खाद्यपदार्थ मागवण्याच्या संकेतस्थळाचे वापरसुलभता-मूल्यमापन

तयार जेवण ऑनलाइन मागवण्यासाठी असलेले संकेतस्थळ ग्राहकाला न चुकता, कमी श्रमात आणि समाधानाने वापरता येते का, याची पद्धतशीर तपासणी. आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटनेच्या आयएसओ ९२४१ या मानकाच्या अकराव्या भागात (१९९८, सुधारित आवृत्ती २०१८) वापरसुलभतेचे परिणामकारकता, कार्यक्षमता आणि समाधान असे तीन घटक मानले आहेत. हे तिन्ही विशिष्ट वापरकर्ते, विशिष्ट उद्दिष्टे आणि विशिष्ट परिस्थिती यांच्या संदर्भातच मोजायचे असतात. त्यामुळे ‘हे संकेतस्थळ सुलभ आहे’ असे सरसकट विधान या शास्त्रात करता येत नाही. ते कोणासाठी, कशासाठी आणि कुठल्या परिस्थितीत सुलभ आहे, हे आधी सांगावे लागते.

पिझ्झा हट या कंपनीने १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथे वेबवरून पिझ्झा मागवण्याची सोय प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. भारतात २००८ मध्ये उपाहारगृहांची मेनूकार्डे दाखवणारे संकेतस्थळ म्हणून सुरू झालेली झोमॅटो आणि २०१४ मध्ये बंगळूरला सुरू झालेली स्विगी यांच्यामुळे हा व्यवहार शहरांत रुळला. कपडे किंवा पुस्तके मागवण्याहून तो एका महत्त्वाच्या बाबतीत वेगळा आहे. मागवणारा माणूस बहुधा भुकेलेला आणि घाईत असतो, आणि स्वयंपाकघरात पदार्थ करायला घेतला की चूक सहसा मागे घेता येत नाही. चुकीचा सदरा परत पाठवता येतो, पण जुन्या पत्त्यावर गेलेली बिर्याणी वेळेत परत येत नाही. म्हणून येथे वेगापेक्षा चुका टाळण्याला अधिक वजन देणे योग्य ठरते.

मूल्यमापनाच्या पद्धतींचे दोन प्रमुख गट आहेत. पहिल्या गटात तज्ज्ञ स्वतः संकेतस्थळ तपासतात. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन आणि रोल्फ मोलिक यांनी १९९० मध्ये मांडलेल्या निकष-आधारित तपासणीत काही तज्ज्ञ एकमेकांशी न बोलता दोषांची नोंद करतात आणि मग त्या नोंदी एकत्र केल्या जातात. नील्सन यांनी १९९४ मध्ये सुधारलेले दहा निकष आजही वापरले जातात. त्यांपैकी ‘प्रणालीची सद्यःस्थिती दिसत राहावी’ हा निकष येथे विशेष लागू पडतो. पैसे खात्यातून वळते झाले, पण ऑर्डर उपाहारगृहाने स्वीकारली की नाही हे पडद्यावर दिसत नसेल, तर ग्राहक पुन्हा पैसे भरतो किंवा फोन करत बसतो. ही पद्धत स्वस्त आणि झटपट आहे. मात्र तज्ज्ञाला खटकलेली गोष्ट ग्राहकाला अडतेच असे नाही.

दुसऱ्या गटात प्रत्यक्ष ग्राहकांना कामे देऊन निरीक्षण केले जाते, आणि मूल्यमापनाचा खरा कस येथेच लागतो. सहभागीला मनातले विचार मोठ्याने बोलत काम करायला सांगतात; निरीक्षक मदत करत नाही. कामांची शब्दरचना नेमकी असावी लागते. ‘संकेतस्थळ वापरून पाहा’ असे सांगून काहीच हाती लागत नाही. ‘घरात चार माणसे आहेत, आजींचा एकादशीचा उपवास आहे, एकाला कांदा-लसूण चालत नाही, तीनशे रुपयांच्या आत जेवण मागवा’ असे काम दिले, की गाळण्या (हवे तेच पदार्थ दाखवणारे फिल्टर), शोध आणि किमती यांची एकाच वेळी परीक्षा होते. साबुदाण्याची खिचडी शोधताना कोणी देवनागरीत लिहितो, कोणी रोमन लिपीत, आणि रोमन लिपीतही प्रत्येकाचे स्पेलिंग निराळे असते. केवळ ‘खिचडी’ लिहिले तर मूगडाळीची खिचडी आधी दिसते. मराठी ग्राहकांसाठीच्या चाचणीत हे प्रकार मुद्दाम तपासले पाहिजेत. तीच गोष्ट पत्त्याची. ‘मारुतीच्या देवळासमोरचा बोळ, दुसरा जिना’ अशी खूण लिहायला जागाच नसेल, तर नकाशावरची टाचणी कितीही अचूक असली तरी जेवण पोचवणारा खाली उभा राहून फोन करतो.

नील्सन आणि टॉमस लँडाउअर यांच्या १९९३ मधील प्रारूपानुसार एक सहभागी सरासरी ३१ टक्के दोष उघड करतो. त्या हिशोबाने पाच जणांत सुमारे ८५ टक्के दोष सापडतात. मात्र हा आकडा एकसारख्या वापरकर्त्यांच्या गटापुरता आहे. वसतिगृहातले विद्यार्थी आणि साठी ओलांडलेले ग्राहक यांच्यासाठी स्वतंत्र गट घ्यावेत.

मोजमापात काम पूर्ण झाल्याचे प्रमाण, लागलेला वेळ आणि चुकांची संख्या नोंदवतात. समाधानासाठी जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली दहा विधानांची प्रश्नावली प्रचलित आहे. तिचे गुण ० ते १०० असतात, पण ती टक्केवारी नव्हे. ६८ च्या आसपासचे गुण सरासरी मानले जातात. केवळ या गुणांवर विसंबणे धोक्याचे आहे, कारण चुकीच्या पत्त्यावर ऑर्डर पाठवलेला सहभागीही, ती चूक लक्षात आलेली नसल्याने, भरघोस गुण देऊन जातो.

किमतीची मांडणी हा मूल्यमापनाचा स्वतंत्र विषय आहे. पदार्थाची किंमत आधी दिसते, तर वेष्टन, पोचवणी आणि कर शेवटच्या पानावर जोडले जातात. भारताच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या रचनांचे तेरा प्रकार नमूद आहेत. ग्राहकाच्या संमतीवाचून खरेदीत वस्तू किंवा देणगी घालणे, किमतीचे घटक सुरुवातीला लपवणे आणि खोटी घाई भासवणे हे त्यांपैकी आहेत. अशा रचनेमुळे काम लवकर पूर्ण होते, म्हणून नुसत्या वेळेच्या मोजमापात ती चांगली ठरते. एकूण किती रुपये द्यावे लागतील हे सहभागीला शेवटच्या पानाआधी विचारले, की हा दोष उघडा पडतो.

दृष्टिदोष असलेल्या ग्राहकांचा विचार यातच येतो. वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार सामान्य आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांतील विरोधप्रमाण (उजळपणातील फरकाचे प्रमाण, कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १ असावे लागते. शाकाहाराचे हिरवे आणि मांसाहाराचे तपकिरी अशी दोन्ही चिन्हे पूर्वी वर्तुळेच होती, त्यामुळे रंगांधळ्यांना ती ओळखणे कठीण जाई. भारतातील २०२० च्या नियमांनी मांसाहारासाठी त्रिकोण ठरवल्याने आकारावरूनही भेद कळतो. संकेतस्थळावर हे चिन्ह अगदी बारीक छापले, तर हा फायदा वाया जातो.

आढळलेल्या दोषांना नील्सन यांच्या मापनश्रेणीप्रमाणे ० ते ४ अशी तीव्रता देतात. तो किती जणांना, किती वेळा आणि किती जाचक ठरतो, हे त्यासाठी पाहतात. जेवणाच्या ऑर्डरीत यात आणखी एक प्रश्न जोडायला हवा : चूक कळेपर्यंत ती दुरुस्त करण्याची वेळ उरते का? ॲलर्जीची सूचना उपाहारगृहापर्यंत न पोचणे हा दोष एकाच सहभागीत दिसला, तरी त्याला सर्वोच्च तीव्रता द्यावी. दुरुस्तीनंतर तीच कामे नव्या सहभागींना देऊन चाचणी पुन्हा घेतात, कारण पहिल्या सहभागींना वाट आधीच ठाऊक झालेली असते.