कापराचा वास असलेले लॅव्हेंडर

‘लॅव्हेंडर’ म्हणून विकत आणलेल्या तेलाची कुपी उघडल्यावर फुलांच्या गोडसर वासामागून कापराची थंड, नाकात चढणारी झाक आली, तर त्या कुपीत बहुधा लॅव्हेंडिन या संकरित झाडाचे तेल असते. देवघरातला कापूर ओळखीचा असल्यामुळे आपल्या नाकाला हा फरक चटकन कळतो. साबण आणि धुण्याच्या पावडरींमध्ये येणारा लॅव्हेंडरचा वास बराचसा याच झाडापासून मिळतो. मात्र औषध म्हणून तेल वापरायचे असेल, तर हे झाड आणि त्याचे जनक यांतला भेद नीट समजून घ्यायला हवा.

लॅव्हेंडर हे तुळस आणि पुदिन्याच्या कुळातले झुडूप आहे. दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्सच्या डोंगरांवर त्याच्या दोन जाती रानात वाढतात. अस्सल लॅव्हेंडर, म्हणजे लॅव्हेंड्युला अँगुस्टिफोलिया, उंचावरच्या थंड उतारांवर आढळते, तर रुंद पानांचे लॅव्हेंड्युला लॅटिफोलिया खालच्या उबदार भागात राहते आणि त्याच्या तेलात कापराचा अंश मोठा असतो. मधल्या पट्ट्यात दोघे शेजारी येतात, मधमाश्या एकाचे पराग दुसऱ्यावर नेतात आणि त्यातून लॅव्हेंडिन जन्माला येते. घोडा आणि गाढव यांच्यापासून झालेल्या खेचराप्रमाणे हे झाडही पुढे बी धरत नाही. त्याचे पराग निकामी असतात. म्हणून लॅव्हेंडिनच्या शेतातून गोळा झालेल्या मधातही त्याचे परागकण जवळजवळ सापडत नाहीत, जरी मधमाश्या दिवसभर त्याच फुलांवर असल्या तरी.

दांडा हातात घेतला की ओळख पटते. अस्सल लॅव्हेंडरच्या आखूड दांड्यावर सहसा एकच तुरा असतो, तर लॅव्हेंडिनचा दांडा लांब असून तुऱ्याच्या खाली दोन्ही बाजूंना एकेक बारीक फाटा फुटतो. फूल भिंगाखाली धरले, तर जांभळ्या पाकळ्यांपेक्षा त्यांना धरून ठेवणारी खोबणीदार, लव असलेली नळी अधिक पाहण्यासारखी आहे, कारण तिच्या लवेत दडलेल्या, इवल्या थेंबांसारख्या चकाकणाऱ्या ग्रंथींमध्येच तेल साठलेले असते. जुलै-ऑगस्टमध्ये तुरे कापून त्यांतून वाफ सोडतात. वाफेबरोबर आलेले तेल थंड झाल्यावर पाण्यावर तरंगते आणि वेगळे काढता येते. एका हेक्टरमधून अस्सल लॅव्हेंडरचे साधारण १५ ते २५ किलो तेल निघते, तर लॅव्हेंडिनचे ८० ते १०० किलो. शेतकरी याच झाडाकडे का वळले, हे एवढ्यावरून कळते.

बी नसल्यामुळे सारी लागवड फाटे कलमांनी होते. एखादे चांगले झाड निवडायचे, त्याच्या कोवळ्या फांद्या मुळे फुटेपर्यंत जपायच्या आणि मग शेतात लावायच्या. जमीन चुनखडीची, हलकी आणि पाण्याचा झटपट निचरा होणारी हवी, ऊन भरपूर हवे. फुलोऱ्यानंतर छाटणी करताना हिरवी पाने असलेला भाग थोडा राखावा लागतो, कारण जुन्या लाकडात घाव गेला तर तिथून पुन्हा फूट येईलच असे नाही. नीट निगा राखलेले पीक आठ-दहा वर्षे टिकते.

कलमांची एक जोखीमही आहे. सगळी झाडे एकाच झाडाच्या प्रती असल्यामुळे जो रोग एकाला मारतो, तो साऱ्या शेताला मारू शकतो. प्रोव्हान्समध्ये एके काळी सर्वत्र दिसणारा ‘अब्रियाल’ हा वाण असाच मर रोगाने खचला. हा रोग पेशीभित्तिका नसलेल्या, जीवाणूसारख्या फायटोप्लाझ्मामुळे होतो आणि रस शोषणारे तुडतुड्यांसारखे कीटक तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. १९७०च्या दशकात ‘ग्रोसो’ हा अधिक काटक वाण पुढे आला आणि आज तिथल्या शेतांवर त्याचेच राज्य आहे. एका वाणावर इतके विसंबणे मला आजही धोक्याचे वाटते.

औषधी उपयोगाचा सारा प्रश्न कापराशी येऊन थांबतो. अस्सल तेलात कापूर साधारण एक टक्क्याच्या आत असतो, तर ‘ग्रोसो’मध्ये सहा ते आठ टक्के. मनाचा ताण आणि झोप यांसाठी युरोपीय औषध संस्थेने पारंपरिक वापर म्हणून जे तेल मान्य केले आहे, ते अस्सल लॅव्हेंडरचे आहे. चिंतेवर ज्यांच्या चाचण्या झाल्या, त्या ८० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्येही तेच तेल असते. लॅव्हेंडिनवरचे संशोधन तुलनेने तुटपुंजे आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दीडशे रुग्णांवरील एका अमेरिकी अभ्यासात शस्त्रक्रियेपूर्वी हे तेल हुंगायला व लावायला दिलेल्या गटाची चिंता कमी आढळली, परंतु एवढ्यावरून त्याला झोपेचे औषध ठरवता येणार नाही. पारंपरिक वापरात ते दुखऱ्या स्नायूंना चोळण्यासाठी आणि सर्दीत वाफाऱ्यासाठी अधिक येते. हे काम कापराच्या ओळखीच्या गुणांशी जुळणारे आहे.

त्याच कापरामुळे काळजीही घ्यावी लागते. पोटात गेलेला कापूर झटके आणू शकतो; म्हणून अपस्माराच्या रुग्णांनी आणि गर्भवतींनी हे तेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, लहान मुलांच्या नाकाजवळ किंवा छातीवर तर ते लावूच नये, आणि कोणीही ते पिऊ नये. अंगाला लावताना ते खोबरेल किंवा तिळाच्या तेलात पातळ करावे. बाटली गडद काचेची व घट्ट झाकणाची असावी, कारण तेलातला लिनालूल हा घटक हवेने बदलला की त्यातून त्वचेला ॲलर्जी आणणारी द्रव्ये तयार होतात.

भारतात जम्मूमधील भद्रवाहच्या शेतकऱ्यांनी जी लागवड नावारूपाला आणली आहे, ती अस्सल लॅव्हेंडरची आहे. कोकणात किंवा घाटमाथ्यावर दोन्हींपैकी काहीही जगवायचे, तर चार महिन्यांची ओल हीच मुख्य अडचण ठरते. कुंडीत अर्धी वाळू आणि मुरूम घालून, जून ते सप्टेंबर ती पावसाबाहेर पण उजेडात ठेवली, तर झाड तगण्याची आशा असते.