म्यूलर, जॉर्ज

(२७ सप्टेंबर १८०५ – १० मार्च १८९८). ब्रिस्टल (इंग्लंड) येथील अनाथालयांचे संस्थापक व ब्रेदरन या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक. जन्म प्रशियातील (आता जर्मनीत) क्रोपेनश्टेट येथे. शिक्षण हाले विद्यापीठात. १८२९ मध्ये ते इंग्लंडला आले. टिनमथ येथे उपदेशक असताना १८३० मध्ये त्यांनी ठरावीक वेतन सोडले. १८३२ पासून अखेरपर्यंत त्यांचे वास्तव्य ब्रिस्टलला होते.

अनाथालयाच्या प्रेरणेविषयी मतभेद आहेत. काहींच्या मते १८३२ ची पटकीची साथ कारणीभूत ठरली, तर काही जण हाले येथील जर्मन धर्मोपदेशक फ्रांके यांनी स्थापन केलेल्या अनाथगृहाकडे बोट दाखवतात; विद्यार्थिदशेत म्यूलर तेथे काही काळ राहिले होते. दुसरे मत अधिक सयुक्तिक दिसते. मात्र कोणापाशी न मागता केवळ प्रार्थनेवर संस्था चालते हे दाखवणे हा आपला पहिला हेतू असून मुलांचे कल्याण त्यानंतरचे, असे म्यूलर यांनीच नमूद केले आहे.

एप्रिल १८३६ मध्ये ब्रिस्टलच्या विल्सन स्ट्रीटवरील भाड्याच्या घरात मुलींपासून सुरुवात झाली. शेजाऱ्यांनी गोंगाटाची तक्रार केल्यावर ॲशली डाउन येथे एकरी १२० पौंड दराने सुमारे ७ एकर जमीन घेण्यात आली. १८४९ ते १८७० या काळात तेथे पाच इमारती उभ्या राहिल्या (अनुक्रमे ३००, ४००, ४५०, ४५० व ४५० मुले). पूर्ण रक्कम हाती आल्याखेरीज बांधकाम सुरू होत नसे. किराणाही रोखीनेच घेतला जाई. प्रवेशासाठी आई व वडील दोघेही वारलेले असणे आणि मूल औरस असणे आवश्यक होते. एकच पालक गमावलेली मुले त्यामुळे दाराबाहेर राहत. मुलग्यांना चौदाव्या वर्षाच्या सुमारास कारागिराकडे उमेदवारीस ठेवत. मुली सतराव्या वर्षापर्यंत राहून बहुधा घरकामाच्या नोकरीत जात.

देणगीदारांची नावे न छापता पैन्‌पैचा हिशेब वार्षिक अहवालात दिला जाई. हा अहवाल म्हणजेच एक प्रकारचे आवाहन होते, हा टीकाकारांचा आक्षेप अगदीच गैरलागू नाही. पण टंचाईच्या ऐन वेळी तिची वाच्यता ते बाहेर होऊ देत नसत, हेही खरे. न्याहारीला अन्न नसताना पाववाला व दूधवाला दारात आल्याची लोकप्रिय कथा जपूनच घ्यावी.

१८४८ मध्ये ब्रेदरन पंथाचे एक प्रमुख नेते डार्बी यांच्याशी म्यूलर यांच्या झालेल्या वादातून ब्रेदरन पंथ दुभंगला. १८७५ नंतरच्या प्रचारदौऱ्यांत म्यूलर भारतातही आले. पंडिता रमाबाईंनी त्यांच्याविषयी वाचले होते. भारतात केवळ प्रार्थनेवर असा भरवसा ठेवून काम चालेल का, हा प्रश्न त्यांना त्या वाचनातून पडला. म्यूलर यांच्यानंतर कारभार जावई जेम्स राइट यांच्याकडे गेला. ॲशली डाउनच्या इमारती १९५८ मध्ये विकण्यात आल्या.