कामट्या, खळ आणि झिरमिळ्या: घरच्या आकाशकंदिलामागचा इतिहास

सहामाहीचा शेवटचा पेपर झाला की दप्तर कोपऱ्यात जायचं आणि माळ्यावरून गेल्या वर्षीच्या आकाशकंदिलाचा सांगाडा खाली उतरायचा. कागद फाटून लोंबत असायचा, एखाद-दुसरी कामटी उंदराने कुरतडलेली असायची, पण दोऱ्याच्या गाठी मात्र शाबूत. याच सांगाड्यावर नवा कागद चढवायचा की नवा सांगाडा बांधायचा, यावर आम्हा भावंडांत वाद व्हायचा. तो मिटेपर्यंत आईने स्टोव्हवर खळ शिजत ठेवलेली असायची.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन घरी काय करता येईल, असं हल्ली दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं. मराठी घरांत याचं उत्तर कित्येक वर्षं ठरलेलं होतं: दिवाळीला कंदील आणि किल्ला, संक्रांतीला हाताने रंगवलेलं हलव्याचं पाकीट. ही कामं मुलांच्या हाती कशी आली, याचा माग काढू लागलं की तो धर्मग्रंथांतून निघून कागदाच्या गिरणीपर्यंत, वीज कंपनीपर्यंत आणि शाळेच्या वेळापत्रकापर्यंत येतो.

कार्तिक महिन्यात घराजवळ उंचावर दिवा लावण्याचा विधी फार जुना आहे. संस्कृतात त्याला आकाशदीप म्हणतात, मराठीत आकाशदिवा. कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये काशीत लिहिलेल्या ‘निर्णयसिंधु’ या ग्रंथात त्याचं वर्णन आहे. (हे भट्ट घराणं मूळचं पैठणचं.) घरापासून फार लांब नाही अशा जागी, यज्ञाला चालणाऱ्या लाकडाचा, माणसाच्या उंचीचा खांब रोवायचा. त्याच्या माथ्यावर लाकडी पट्ट्यांची आठ पाकळ्यांची रचना करायची. मधोमध मोठा दिवा आणि पाकळ्यांवर आठ दिवे. सूर्य तूळ राशीत असताना, महिनाभर, रोज संध्याकाळी, तिळाच्या तेलाचा हा दिवा विष्णूला, म्हणजे दामोदराला अर्पण करायचा. पितरांना वाट दिसावी म्हणून तो लावतात, असंही घरोघरी सांगितलं जातं.

या साऱ्या विधीत मुलांना काहीच काम नाही. खांब मोठ्या माणसांनी रोवायचा, मंत्रही त्यांनीच म्हणायचा. मुलं यात शिरली ती कागदामुळे, असं मला ठामपणे वाटतं.

‘कंदील’ हा शब्द अरबीतल्या ‘किंदील’वरून आपल्याकडे आला आणि त्याचं मूळ थेट लॅटिन ‘कँडेला’पर्यंत जातं. म्हणजे इंग्रजी कँडल आणि आपला कंदील हे लांबचे भाऊ. उघडा दिवा वाऱ्यात टिकत नाही, त्याला आडोसा लागतो, आणि प्रकाश अडवणार नाही असा हलका आडोसा कागदाचा. पण कागद पूर्वी स्वस्त नव्हता. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आणि जुन्नरला हातकागद तयार होत असे, तो दफ्तरं आणि पोथ्या लिहिण्यासाठी. असा कागद कुणी पोराच्या हातात कात्री देऊन कापायला देत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्यांचा कागद आला, रंगीत ताव बाजारात मिळू लागले, पतंगाचा पातळ कागद तर अगदी थोड्या पैशांत. तेव्हा कुठे कागद चुकून फाटला तरी चालेल, अशी वस्तू झाला, आणि तसा झाल्यावरच तो मुलांना मिळाला.

आपण ज्याला जिलेटीनचा कागद म्हणतो, त्या चमकदार पारदर्शक कागदाचा जिलेटीनशी काही संबंध नाही. तो सेलोफेन. लाकडाच्या लगद्यातल्या सेल्युलोजपासून तो करतात आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडच्या जाक ब्रँडेनबर्गर यांनी तो शोधला. दिसायला देखणा, पण लहान मुलांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. खळीने तो चिकटत नाही आणि सुरकुती पडली की जात नाही.

आता सांगाडा. महाराष्ट्रातल्या पारंपरिक कंदिलाला एकाच मापाच्या चोवीस कामट्या लागतात. बुरुडाकडून बांबूच्या कामट्या आणायच्या, वीतभर लांबीच्या कापायच्या आणि घासून घ्यायच्या, नाहीतर बोटात कूस जाते. सोळा कामट्यांचे चार चौकोन बांधायचे. हे चौकोन टोकावर उभे करून कोपऱ्याला कोपरा बांधत गोल फिरवले की कंबरेचा पट्टा तयार होतो. वर आलेली चार टोकं चार कामट्यांनी जोडायची, खालची चार टोकं उरलेल्या चार कामट्यांनी. मग बाजूंना चार चौकोन आणि आठ त्रिकोण दिसतात, आणि वर-खाली एकेक चौकोन मोकळा राहतो. ही आकृती भूमितीत आर्किमिडीजच्या तेरा घनाकृतींमध्ये मोजतात. पाचवीतलं पोर कोनमापक हातात न घेता ती दोऱ्याने बांधून मोकळं होतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

एक गोष्ट मात्र मुलांना आधीच सांगावी. कागद चढेपर्यंत हा सांगाडा लुळा असतो. हातात धरला की पिळवटतो, एका अंगाला कलतो आणि मुलांना वाटतं, आपलं चुकलं. चुकलेलं काही नसतं. कागद बोटभर जास्त कापून, कामटीवरून आत दुमडून खळीने चिकटवायचा. ओला असताना तो पोक आल्यासारखा दिसतो, पण रात्रभरात वाळून ढोलाच्या पानासारखा ताणला जातो आणि सकाळी सांगाडा ताठ उभा असतो. ती सकाळ मुलांसाठी फार मोठी असते.

खळ म्हणजे मैदा किंवा कणीक पाण्यात कालवून, गुठळ्या मोडून, मंद आचेवर चकाकी येईपर्यंत शिजवलेली चिकी. जुनी माणसं कीड लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घालत. मोरचूद विषारी असतं आणि मुलं बोटं चाटतात, तेव्हा ते आता घालू नये. रोज थोडी ताजी खळ करावी, उरलेली टाकून द्यावी. झिरमिळ्यांसाठी पतंगाच्या कागदाची पट्टी चार पदरी दुमडायची, एका कडेला दोन बोटं जागा सोडून बारीक कापत जायचं आणि उलगडून चिकटवायची. घरातल्या सगळ्यात लहान मुलाला हेच काम द्यावं. ते कसंही कापलं तरी छानच दिसतं.

या कंदिलात आधी पणती किंवा मेणबत्ती असे, आणि वाऱ्याची झुळूक आली की कागद पेटण्याची धास्ती. ही धास्ती विजेने घालवली. मुंबईत १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली आणि हळूहळू घरांत दिवे आले. खेड्यांना बराच काळ थांबावं लागलं. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळच मुळी २० जून १९६० चं. कंदिलात झिरोचा बल्ब आला तसा तो बाजूंनी बंद करता येऊ लागला, झिरमिळ्या लांब झाल्या, आणि अंगणातल्या खांबावरचा दिवा चाळीच्या गॅलरीत, खिडकीच्या गजाला येऊन टांगला गेला.

मग शाळेने तो उचलला. मुलांना हाताने काही करायला द्यावं, हा विचार जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये सुरू केलेल्या बालशाळेत रुजला. कागद दुमडणं, कापणं, विणणं हा तिथला अभ्यासच होता. आपल्याकडे महात्मा गांधींनी ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत हस्तोद्योगाला शिक्षणाच्या मध्यभागी आणून ठेवलं. पण लहान मुलांच्या बाबतीत मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते ताराबाई मोडकांचं काम. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांकडे काम करून आलेल्या ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीत अनुताई वाघांना सोबत घेऊन बालवाडी सुरू केली; १९५७ पासून हे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर चाललं. माँटेसरी पद्धतीची महागडी साधनं आदिवासी पाड्यांवर कुठून येणार? त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, काड्या हेच साधन केलं. सभोवताली जे पडलेलं आहे त्यातूनच मुलाने घडवावं, हे त्यांनी वर्षानुवर्षं करून दाखवलं. दिवाळीत अंगणात काम करणाऱ्या प्रत्येक घराची रीत हीच होती, फक्त कुणी तिला शिक्षण म्हटलं नव्हतं. पुढे १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली आणि आपल्या शाळांत त्या नावाचा तास आला. महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांनी पहिला कंदील बांधला तो या तासाला, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात.

याच कामट्या दीड-दोन महिन्यांनी वसईत आणि गोव्यात पुन्हा बाहेर निघतात, नाताळच्या चांदणीसाठी. कोकणीत तिला नखेत्र म्हणतात. पाच टोकांचे दोन सांगाडे एकमेकांवर बांधून, मधे आडव्या काड्या घालून फुगवटा देतात आणि वर तोच पतंगाचा कागद. युरोपातल्या मोरावियन या ख्रिस्ती पंथाची प्रसिद्ध कागदी चांदणीही १८३० च्या दशकात जर्मनीतल्या निस्की गावच्या मुलांच्या शाळेत, भूमिती शिकवता शिकवता जन्मली. दोन्हीकडे मुलांचा हात आणि भूमिती एकत्र आलेली पाहून बरं वाटतं.

किल्ल्याचं तसं वेगळं आहे. त्याला विकत फारसं काही लागत नाही. पावसाळा नुकताच सरलेला, माती अजून ओलसर, विटांचे तुकडे आणि जुनं गोणपाट कुठेही मिळतं. विटा रचायच्या, वर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकायचं, त्याला चिमटे काढून कडे-कपारी करायच्या आणि मातीने लिंपायचं. हळीव किंवा मोहरी पेरली की तीन-चार दिवसांत डोंगर हिरवागार होतो. कुंभाराकडचे मावळे, सिंहासनावर महाराज, पायथ्याला गुहेत वाघ. १८९५ मध्ये टिळकांनी ‘केसरी’तून शिवसमाधीच्या जीर्णोद्धाराची हाक दिली आणि १८९६ मध्ये रायगडावर उत्सव झाला, त्या काळापासून गड हा घराघरांत बोलण्याचा विषय झाला आणि मुलं जे ऐकतात ते मातीत करतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. यंदा कुणाला नवा गड हवा असेल तर खांदेरी करून पाहावा. परातीत पाणी भरून मधे किल्ला बसवला की जलदुर्ग तयार, आणि तटबंदी पाण्यापासून कशी वाचवायची याचा मुलांना खरा विचार करावा लागतो.

राहिलं पाकीट. १८५४ मध्ये अर्ध्या आण्याचं तिकीट आलं, १८७९ मध्ये पाव आण्याचं पोस्टकार्ड. पोस्ट स्वस्त झालं तसं संक्रांतीला लांबच्या आप्तांना तिळगूळ पाठवणं सोपं झालं. हाताएवढं पाकीट दुमडायचं, वर पतंग किंवा तिळाचं फूल काढायचं, आत ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ आणि काटेरी हलव्याचे चार दाणे. माझ्या आजीच्या ट्रंकेत अशी बरीच पाकिटं होती. कोपऱ्यातला हलवा विरघळून कागदावर गोल डाग पडलेला, आणि त्या डागाभोवती एका भाच्याने पेन्सिलीने सूर्याचे किरण काढून ठेवलेले. विकत आणलेलं एकही भेटकार्ड तिने इतकी वर्षं जपलं नव्हतं. मुलांनी कुणाला भेट काय द्यावी, असा प्रश्न पडला तर मी आधी या पाकिटाचं नाव घेईन.

मधल्या काळात थर्माकोल आणि प्लॅस्टिकचे घडीचे कंदील आले. स्वस्त, टिकाऊ, पाच मिनिटांत लागणारे. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली. माहीमच्या कंदील गल्लीत आजही दिवाळीआधी रंगांचा पूर येतो आणि तिथून तयार कंदील आणण्यात काही वाईट नाही. पण घरात आठ-दहा वर्षांचं मूल असेल तर एक कंदील चोवीस कामट्यांचा करावाच. तो वाकडा होईल, एक त्रिकोण लहान-मोठा पडेल. पहिल्या रात्री बल्ब लावल्यावर तीच वाकडी बाजू रस्त्याकडे ठेवावी.

त्रिपुरी पौर्णिमेला कंदील उतरवताना कागद पूर्ण सोलून काढावा आणि सांगाडा ओल्या फडक्याने पुसून दोन दिवस उन्हात ठेवावा. खळीचा अंश राहिला की उंदीर येतात. मग जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर.