विरळ हवा, पन्हळी वाट: चांगथांगसाठी गाडी आणि कॅमेरा

लडाखला स्वतःची गाडी घेऊन निघणारी पुण्या-मुंबईची मंडळी तयारी म्हणून आधी खरेदी करतात. जाडजूड टायर, अडकलेली गाडी ओढून काढणारा विंच, टपावरचं कॅरिअर, जादा दिवे. कॅमेऱ्याचा विचार होतो निघायच्या आदल्या रात्री. माझ्या मते या दोन तयाऱ्या वेगळ्या नाहीतच. हानले गाव किंवा त्सो कार सरोवराच्या बाजूला, पूर्व लडाखमधल्या चांगथांगच्या पठारावर, गाडीला जे छळतं तेच कॅमेऱ्यालाही छळतं: विरळ गार हवा आणि न थांबणारा हादरा.

आधी हवा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे, हानले 4,300 मीटरच्या आसपास. तिथेही हवेत ऑक्सिजन 21 टक्केच असतो, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सहा दशांशाहून थोडा कमी भरतो. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेलं पेट्रोल इंजिन एका दमात तेवढीच कमी हवा ओढतं आणि त्याच प्रमाणात त्याची ताकद घटते. टर्बो असेल तर ही तूट बरीचशी भरून निघते. इथवरचं बहुतेकांना माहीत असतं. ब्रेकचं मात्र फार कमी जण लक्षात घेतात. बहुतेक गाड्यांमध्ये ब्रेकच्या पायाला मदत करणारा बूस्टर निर्वात पोकळीवर चालतो. पडद्याच्या एका बाजूला पोकळी, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, आणि या दोन दाबांतला फरक म्हणजे आपल्याला मिळणारी मदत. बाहेरचाच दाब घटला की मदतही घटते, मग इंजिन टर्बो असो वा नसो. घाट उतरताना पेडल नेहमीपेक्षा कडक लागलं तर ब्रेक बिघडलाच असं नाही, पण भरवसा खालच्या गिअरवर ठेवावा. घरून निघण्यापूर्वी ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल तपासणं मला विंचपेक्षा मोलाचं वाटतं.

टायरची गोष्ट आणखी रंजक आहे. टायरची हवा मोजायचं गेज दाखवतं तो आतला आणि बाहेरचा दाब यांतला फरक. पुण्यात 30 अंश तापमानाला 32 पीएसआय (दाबाचं एकक) हवा भरली आणि तीच घेऊन हानले गाठलं, तर बाहेरचा दाब उतरल्यामुळे त्याच तापमानाला गेज सुमारे 37 दाखवेल. पण पहाटे पारा उणे 5 वर असेल तर आतली हवा आकुंचन पावते आणि आकडा परत 32 च्या जवळ येतो. उंची आणि थंडी एकमेकींना जवळजवळ फेडून टाकतात! दुपारी ऊन आणि धाव यांनी टायर तापले की तोच आकडा वर चढतो. म्हणून हवा बघायची ती सकाळी, गाडी हलवण्याआधी. दुपारी जास्त दिसली म्हणून घाईने सोडलेली हवा दुसऱ्या पहाटे कमी पडते.

वाळू-खडीच्या वाटेवर हवा मुद्दाम उतरवतात, त्याचा हिशोब सोपा आहे. 1,800 किलोच्या गाडीच्या एका चाकावर साधारण 450 किलो भार येतो. 30 पीएसआयला तो पेलायला जमिनीवर टेकलेला भाग ढोबळमानाने 210 चौरस सेंटिमीटर लागतो, 18 पीएसआयला 350. टायर मुख्यतः लांबीत पसरतो, रुततो कमी, आणि बारीक खडे गिळून घेतो. मात्र डांबरी रस्त्यावर परतल्यावर हवा पुन्हा भरायलाच हवी, नाहीतर टायरची बाजू वाकून वाकून तापते. म्हणजे गेज आणि छोटा कॉम्प्रेसर आधी, बाकी सगळं नंतर.

आता हादरा. कच्च्या वाटांवर पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा उठतात. त्या वाऱ्याने किंवा पाण्याने होत नाहीत, चाकांनीच होतात. निकोला ताबेर्ले, स्टीफन मॉरिस आणि जिम मॅकएलवेन यांनी 2007 मध्ये फिरत्या वाळूच्या थरावर एक चाक चालवून हे अभ्यासलं. चाकाचा वेग एका मर्यादेपलीकडे गेला की सपाट वाळूवर आपोआप लाटा पडतात, त्यासाठी सस्पेन्शनची स्प्रिंगही लागत नाही. खऱ्या गाडीसाठी ही मर्यादा चालण्याच्या वेगाइतकीच आहे, त्यामुळे सावकाश चालवून लाटा टाळता येत नाहीत.

समजा, दोन लाटांत 70 सेंटिमीटर अंतर आहे आणि गाडी ताशी 36 किलोमीटरने चालली आहे. चाकाला सेकंदाला 14 धक्के बसतात. गाडीच्या चाकाची आणि अ‍ॅक्सलची स्वतःची थरथरायची लय सेकंदाला साधारण 10 ते 15 असते. लय जुळली की थरथर वाढत जाते. अशा वेळी वेग थोडा बदलून बघावा. आडव्या हादऱ्यांनी नटबोल्ट सैल होतात, हे गेर्हार्ड युंकर यांनी 1969 मध्ये प्रयोगाने दाखवलं. कॅरिअर, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि बॅटरीच्या पट्टीचे नट घट्ट करून नटावरून बोल्टवर रंगाची एक रेघ ओढा. मुक्कामाला रेघ तुटलेली दिसली, तर नट फिरला आहे.

हीच थरथर कॅमेऱ्यात शिरते. बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर चित्र एकदम वाचत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतो. त्याला 20 मिलिसेकंद लागले, तर तेवढ्यात 14 धक्क्यांच्या लयीतला पाव झोका उरकलेला असतो. म्हणून सरळ डोंगर जेलीसारखे वेडेवाकडे डुलतात. हे नंतर संगणकावर पूर्णपणे सुधारता येत नाही. कॅमेऱ्याचा दांडा जितका आखूड, तितकं बरं. लांब हातावर लावलेला कॅमेरा स्वतःचीच लय पकडतो. एक पेच उरतोच: सेकंदाला 25 फ्रेम असताना 1/50 सेकंदाचा शटर ठेवला की हालचाल डोळ्याला नैसर्गिक दिसते, आणि लडाखच्या उन्हात त्यासाठी उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लेन्सवर लावावाच लागतो. पण गाडीवर बसवलेल्या कॅमेऱ्याची थरथर सॉफ्टवेअरने काढायची असेल तर शटर याहून वेगवान हवा, नाहीतर स्थिर चित्रात धूसर फराटे राहतात. मी गाडीवर वेगवान शटर आणि जमिनीवरून चित्रण करताना फिल्टर, असं वाटून घेते.

ड्रोनला तर हवाच आधार. हानलेला हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे 65 टक्के असते, त्यामुळे तरंगत राहायला पाती जवळजवळ चतुर्थांश जास्त वेगाने फिरावी लागतात आणि बॅटरी लवकर उतरते. सीमेजवळच्या पट्ट्यात परवानगीशिवाय ड्रोन उडवायचाच नसतो. 2022 मध्ये पँगाँग त्सोच्या पाण्यात गाडी घालून केलेल्या चित्रीकरणावर खूप टीका झाली, आणि ती योग्यच होती. त्सो कारसारख्या पाणथळ जागी काळ्या मानेचे क्रौंच जमिनीवर घरटी करतात, आणि तिथल्या विरळ गवतावर उमटलेली चाकोरी वर्षानुवर्षं पुसत नाही. चांगल्या दृश्यासाठी वाट सोडू नये.

राहिली थंडी. लिथियम बॅटरीत गारठ्याने आयनांची ये-जा मंदावते, म्हणून ती अचानक संपल्यासारखी वाटते. आतल्या खिशात ऊब मिळाली की बरीच शक्ती परत येते. शून्याखाली गार झालेली बॅटरी चार्ज मात्र करू नये, आत धातूरूप लिथियमचा थर साचतो आणि बॅटरी कायमची खराब होते. गाडी चालू करून आतली हवा उबदार झाल्यावरच चार्जर जोडा. बाहेरून आणलेला कॅमेरा तंबूत शिरण्यापूर्वीच झिपच्या पिशवीत बंद करा. मग श्वासातली वाफ पिशवीवर दव होऊन बसते, लेन्सवर नाही.