विनाइलसाठी जुन्या टाइल्स फोडाव्याच लागतात?

‘टाइल तो तोडवी ज पडशे.’ बडोद्यात विनाइलची, म्हणजे जमिनीवर बसवायच्या प्लास्टिकच्या आवरणाची, चौकशी केली की मिस्त्रीकडून हे हमखास ऐकू येतं. दांडिया बाजारातल्या आमच्या घरीही ऐकलं. हे खरं नाही. टाइल्स घट्ट आणि सपाट असतील तर त्यांच्यावरच विनाइल बसतं. फोडाफोडीची धूळ आणि मलब्याचा खर्च उगाच कशाला?

पण ‘कशावरही अंथरा’ हेही तितकंच चुकीचं. आधी नाण्याने एकेक टाइल वाजवून बघा. ठण्ण वाजली तर ठीक. पोकळ, बद्द आवाज आला तर ती खालून सुटलेली आहे, काढून पुन्हा बसवायला हवी. खरी मेख सांध्यांत आहे. दोन मिलिमीटरचं पातळ विनाइल थेट चिकटवलं, तर काही महिन्यांत खालच्या सांध्यांची जाळी वर उमटते. तिरप्या उन्हात ती स्पष्ट दिसते. म्हणून सांधे लेव्हलिंग कंपाउंडने, म्हणजे जमीन सपाट करणाऱ्या लेपाने, भरून घ्यायचे. चार-पाच मिलिमीटरच्या, एकमेकींत अडकणाऱ्या कडक विनाइल पट्ट्या अरुंद सांधे निभावून नेतात. त्यांना भिंतीलगत साधारण सहा ते आठ मिलिमीटर फट मात्र सोडावी लागते.

तळमजल्यावर राहत असाल तर घाई नकोच. इथे पावसाळ्यात जमिनीतून ओल चढते. विनाइल ती अडवून धरतं, मग डिंक सुटतो, बुरशीचा वास येतो. आधी ओलीचा बंदोबस्त.

आणि विनाइलने जमीन थोडी वर येते, तेव्हा दार उघडून बघा, खाली जागा उरते का ते.